जिद्दीचा हिशेबही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यसेवेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती येतात आणि शास्त्री रस्त्यापासून अलका चौकापर्यंत अभिनंदनाचे फ्लेक्स झळकतात. दोन्हीकडे एक वाक्य हमखास असते: ‘प्रतिकूल परिस्थितीवर जिद्दीने मात.’ हे वाक्य खोटे नसते. शेतमजुरी करणाऱ्या घरातली मुलगी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहून, मेसच्या डब्यावर दिवस काढून अधिकारी होते, तेव्हा तिच्या जिद्दीचे कौतुक पहिल्या पानावरच व्हायला हवे. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. तीच बातमी अभ्यासिकेत बसलेला एखादा मुलगाही वाचतो. उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्याला त्यातून कळत नाही. कळते ते एवढेच की, आपले नाव यादीत नाही म्हणजे आपलीच जिद्द कमी पडली. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि तो मुलांना आतून पोखरतो.

सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत अभ्यासिका चालवणारे व तिथे मुलांना मार्गदर्शन करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. जिद्द कशाने टिकते आणि कुठे मोडते, याबद्दल काही तपशील मांडायचे आहेत.

जिद्द म्हणजे मोहाशी दिवसभर झुंजणे, असा आपल्याकडे समज आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा लहान मुलांवरचा प्रयोग पुष्कळांनी ऐकलेला असतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या त्या प्रयोगात मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचे की, आत्ता खाल्लास तर एवढाच, थोडा वेळ थांबलास तर जास्त. व्याख्यानांतून ही गोष्ट ‘जी मुले थांबली ती पुढे यशस्वी झाली’ इथे संपवली जाते. पण त्यातला उपयोगाचा भाग वेगळाच आहे. खाऊ झाकून ठेवला तेव्हा मुले कितीतरी जास्त वेळ थांबली. उघड्या खाऊसमोर जी थांबली, त्यांतली बरीचशी तोंड फिरवून बसली, डोळ्यांवर हात धरले, गाणी म्हणत राहिली. खाऊकडे टक लावून दात-ओठ खात बसणाऱ्यांचा निभाव लागला नाही. पुढे २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हाच मुद्दा पुन्हा तपासला गेला. लहानपणचे थांबणे आणि पंधराव्या वर्षीची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध आधी वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो आणखी आक्रसला. म्हणजे ज्याला आपण स्वभावातली जिद्द म्हणतो, त्यात घरच्या स्थैर्याचाही वाटा असतो. यशोगाथा लिहिताना हे विसरू नये.

अभ्यासिकेत हा खाऊ म्हणजे मोबाइल. तो टेबलावर पालथा ठेवला तरी झाकला जात नाही. ‘फक्त वेळ बघायला’ हात जातोच. तो लॉकरमध्ये ठेवायचा, आणि लॉकर बसायच्या जागेपासून उठून चालत जावे लागेल इतका लांब हवा. टेबलावर साधे मनगटी घड्याळ. घरच्यांचा फोन चुकेल ही काळजी रास्त आहे, म्हणून जेवणाच्या आधीची दहा मिनिटे घरी फोन करण्यासाठी ठरवून द्यावीत आणि ती वेळ घरी सांगून ठेवावी. टेलिग्रामवरच्या पीडीएफची अडचण याहून अवघड आहे, कारण त्या उतरवून घेणे अभ्यासासारखे वाटते. चालू घडामोडींचे एक मासिक, एक वर्तमानपत्र आणि एकच ग्रुप ठेवून बाकीचे सोडून द्यावेत. नवीन साहित्य घ्यायचे असेल तर रविवारी, अर्धा तास. ज्या मुलाकडे एका विषयाची चार पुस्तके असतात, त्याची चारही अर्धवट राहतात. ज्याच्याकडे एक असते, त्याचे ते पाचव्यांदा वाचून होते.

दुसरा मुद्दा निश्चयाचा. ‘यंदा पोस्ट काढायचीच’ हा निश्चय प्रत्येकाचा असतो आणि तो खराच असतो. फक्त त्यात कधी, कुठे आणि कशानंतर हे काहीच नसते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा स्वरूपात ठरवलेली गोष्ट नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा प्रत्यक्षात येते. २००२ साली ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास यासाठी पाहण्यासारखा आहे. आठवड्यातून एकदा तरी २० मिनिटे व्यायाम करायचा, एवढीच गोष्ट होती. एका गटाला काहीच विशेष दिले नाही. त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराचे धोके आणि व्यायामाचे महत्त्व पटवणारा मजकूर वाचायला दिला. त्यातल्या ३५ टक्क्यांनी केला. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे कागदावर लिहिले. त्यातल्या ९१ टक्क्यांनी केला. नुसते प्रेरक वाचन काहीच न करण्याच्या बरोबरीचे ठरले. प्रेरणादायी व्याख्यानांना गर्दी करणाऱ्या आपल्या शहराने हे आकडे लक्षात ठेवावेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

आमच्याकडे मुलांना आठवड्याला अशी तीनच वाक्ये लिहायला सांगतात. नमुना असा: ‘सकाळी सातला खुर्चीवर बसलो की आधी गणित-बुद्धिमत्तेचे २० प्रश्न घड्याळ लावून सोडवीन.’ ‘दुपारी मेसमधून आलो की २० मिनिटे डोळे मिटीन आणि उठल्यावर वाचायला न घेता लिहायला घेईन.’ ‘झोप येऊ लागली तर उभा राहून नकाशा वाचीन.’ पहिल्या वाक्यात गणित मुद्दाम आहे. सकाळी डोके ताजे असते म्हणून मुले आवडीचा इतिहास घेतात आणि सीसॅट, म्हणजे पूर्व परीक्षेतला आकलन व बुद्धिमत्तेचा पेपर, रात्रीवर ढकलतात. रात्री ते होत नाही. दुसऱ्यात लिहिणे मुद्दाम आहे. भात खाऊन आल्यावर वाचायला बसले की डुलकी ठरलेली. हात चालू असला की ती टळते. दहा-बारा वाक्ये लिहिली की एकही पाळले जात नाही. आणि वाक्यात ‘प्रयत्न करीन’ असेल तर ते खोडून पुन्हा लिहावे.

जिद्द आणि तास यांची गल्लत हा सगळ्यांत महागात पडणारा प्रकार आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. ‘रोज १६ तास अभ्यास’ असे मुलाखतीत छापून आले की आमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून मुले रात्री एकपर्यंत बसू लागतात. खुर्चीवरचे तास म्हणजे अभ्यासाचे तास नव्हेत. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचायचा होता. दुसऱ्याने एकदा वाचून नंतर तीनदा न बघता आठवून लिहायचा होता. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारले तेव्हा ते ४० टक्क्यांवर आले होते आणि आठवून लिहिणारे ६१ वर होते. वाचताना ‘येतंय, येतंय’ असे वाटत राहते आणि परीक्षेच्या खोलीत पान डोळ्यांपुढे येते, पण उत्तर येत नाही, ते यामुळे. आठवून लिहिणे कष्टाचे असते, आपले अज्ञान उघडे पाडते आणि म्हणून नकोसे वाटते. खरी इच्छाशक्ती लागते ती इथे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदासमोर बसण्याची दहा मिनिटे पिवळ्या हायलायटरच्या तीन तासांपेक्षा जड असतात.

पद्धत साधी आहे. प्रकरण वाचून झाले की पुस्तक बंद करायचे आणि आठवेल ते एका पानावर लिहायचे. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरायचे. तेच पान दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा न बघता लिहायचे. लाल शाई कमी होत गेली की प्रकरण झाले. बरीच मुले पहिल्याच लाल पानाने खचतात आणि पुन्हा वाचनाकडे वळतात. पहिल्या पानावर निम्मी लाल शाई असणार, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

सराव परीक्षांचेही असेच. पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनात १०० प्रश्न आणि २ तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. एका चुकीला पाव प्रश्नाचे गुण वजा, म्हणजे चार चुका एक बरोबर उत्तर खातात. टेस्ट सिरीज लावून मुले पेपर सोडवतात, गुण बघतात, खूश किंवा उदास होतात आणि पुढचा पेपर घेतात. दोन तासांच्या पेपरला तीन तासांची तपासणी लागते. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चुकीचा प्रकार दाखवणारे एक अक्षर लिहावे: माहीतच नव्हते, वाचले होते पण आठवले नाही, की येत असून घाईत चुकले. पहिल्या प्रकारावर उपाय वाचन, दुसऱ्यावर उजळणी. तिसऱ्याला ‘पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे’ यातल्या ‘चुकीचे’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारण्याची सवय पुरते. वर्षानुवर्षे कटऑफच्या खाली चार-सहा गुणांनी अडकणाऱ्या मुलांच्या वहीत हा तिसरा प्रकार फार दिसतो, आणि ती मुले त्यावर उपाय म्हणून आणखी वाचन करत असतात. मेहनत भरपूर आणि ती भलत्याच जागी.

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. गुणवत्ता यादीसाठी १७५० गुणांचे लेखन आणि २७५ गुणांची मुलाखत. नमुना केंद्रीय लोकसेवा आयोगाचा. तिथे सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात ३ तासांत २० उत्तरे लिहावी लागतात, म्हणजे एका उत्तराला ९ मिनिटे. वर्षानुवर्षे पर्यायाचे गोल काळे केलेल्या हाताला तीन तास सलग लिहिणे जमत नाही. दुसऱ्या तासात अक्षर मोडते आणि शेवटचे प्रश्न राहून जातात. यावर तोडगा रोज एक उत्तर, ९ मिनिटे, उभे राहून कोणाला तरी वाचून दाखवणे; महिन्यातून दोनदा पूर्ण तीन तासांचा पेपर. ‘वाचन पूर्ण झाले की लेखन सुरू करू’ असे म्हणणाऱ्यांचे वाचन कधीच पूर्ण होत नाही.

सवयीबद्दल एक गैरसमज दूर व्हावा. २१ दिवस केले की सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ९६ जणांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. मधला आकडा ६६. बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणे जिवावर येत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. घात होतो तो ‘उपास मोडलाच आहे तर पोटभर खाऊन घेऊ’ या हिशेबाने. पेठेत या हिशेबाचा वार ठरलेला आहे. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट, संध्याकाळी मेस बंद, म्हणून बाहेर जेवण, मग गप्पा, मग रात्री उशिरा झोप, आणि सोमवार गेला. सोमवार गेला म्हणून आठवड्याचे वेळापत्रक ‘पुढच्या सोमवारपासून’. यावर रविवार रद्द करणे हा उपाय नव्हे. रविवार दुपारनंतर मोकळा ठेवावा, टेकडीवर जावे, सिनेमा पाहावा. फक्त सोमवारचा पहिला तास सर्वांत सोपा ठेवावा आणि त्याचे पान रविवारी सकाळीच टेबलावर उघडून ठेवावे. गणेशोत्सवाआधी नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की संध्याकाळी वाचन होत नाही, हे दरवर्षीचे आहे. त्या दिवसांत संध्याकाळी नकाशे, गणिते आणि जुने पेपर, वाचन पहाटे. आवाजावर चिडण्यात जाणारी शक्ती वाचते.

झोपेबद्दल थोडक्यात: सात तास. त्यात कपात करून मिळवलेला तास दुसऱ्या दिवशी दुपारी व्याजासह जातो.

आता पैशांबद्दल, कारण जिद्दीच्या बातम्यांत तो विषय येतच नाही किंवा नुसता गरिबीचा रंग देण्यापुरता येतो. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांची जिद्द वादातीत आहे. पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. मातीत घडलेल्या पैलवानाला तिथे मॅटवर उतरावे लागले होते. पुढची चार वर्षे त्यांनी आपली तयारी बदलली आणि वरच्या वजनगटात उतरले. आणि हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. कुस्तीचे डाव, मॅटचा सराव आणि प्राचार्यांचे घर, हे तिन्ही त्या पदकात आहे. पुण्यात तयारीला येणाऱ्या मुलाने कॉट, मेस, अभ्यासिका आणि टेस्ट सिरीज या चार खर्चांची बारा महिन्यांची बेरीज करून, त्यात दोन महिन्यांची शिल्लक धरूनच बस पकडावी. महिन्याच्या वीस तारखेला घरी पैसे मागायचे दडपण असलेल्या मुलाला एकाग्रतेची व्याख्याने देणे अन्यायाचे आहे. बेरीज जमत नसेल तर पहिले सहा महिने गावी मूळ पुस्तके आणि एनसीईआरटीची शालेय पुस्तके करून मग येणे, यात काहीही कमी नाही.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरणही अर्धेच सांगितले जाते. ते सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्याआधी १९६८ मध्ये ते टेबल टेनिसमध्येही उतरले होते. पदक मिळवायची जिद्द कायम राहिली आणि खेळ बदलला. ‘क्लास वन नाही तर काही नाही’ म्हणणाऱ्या आमच्या मुलांना हे आवर्जून सांगावे लागते.

थांबण्याची तारीख ठरवणे हा जिद्दीचाच भाग आहे, असे आमचे ठाम मत आहे. केंद्रीय लोकसेवा परीक्षेला खुल्या गटासाठी सहा संधी आणि ३२ वर्षे अशी मर्यादा आहे. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयाची अट ३८. म्हणजे विशीत आलेल्या मुलाला आयोग पंधरा-सोळा वर्षे ‘पुरे’ म्हणणार नाही. ते त्याने स्वतः म्हणायचे आहे. तयारी सुरू करतानाच, मन शांत असताना, लिहून ठेवावे: किती पूर्व परीक्षा, किती मुख्य, कोणत्या वर्षापर्यंत, आणि दुसऱ्या वर्षाअखेरीस कोणती नोकरी किंवा परीक्षा जोडीला. हा कागद घरी एकाला दाखवावा. पूर्व परीक्षा तीनदा मोठ्या फरकाने हुकली असेल आणि वर सांगितलेली तपासणी करूनही फरक घटत नसेल, तर थांबावे. एका गुणाने हुकलेल्याचा विचार वेगळा. निकालाच्या रात्री हा निर्णय घेऊ नये. पंधरा दिवस जाऊ द्यावेत. आणि पालकांनी त्या पंधरा दिवसांत फोनवर ‘अमक्याचा मुलगा लागला’ हे वाक्य कृपा करून टाळावे. सहा-सात वर्षे घालवलेला मुलगा जिद्द सोडायला नव्हे, गावात तोंड कसे दाखवू याला घाबरलेला असतो. त्या भीतीपोटी भरलेला पुढचा अर्ज बाहेरून हुबेहूब चिकाटीसारखा दिसतो.

संपादक महोदय, आपल्याला विनंती एवढीच की, यशस्वी उमेदवाराच्या मुलाखतीसोबत एक छोटी चौकट छापावी. कितवा प्रयत्न, पूर्णवेळ तयारी किती वर्षे, खर्च कोणी उचलला, पूर्ण वेळेचे सराव पेपर किती सोडवले, आणि आधीच्या अपयशानंतर नेमके काय बदलले. पाच ओळी पुरतील. शक्य असेल तेव्हा जागा किती होत्या आणि परीक्षेला बसले किती, हेही द्यावे. आयोगाच्या प्रसिद्धिपत्रकांतून हे आकडे मिळतात. आणि कधीतरी अशाही एकाची मुलाखत घ्यावी, जो चार वर्षांनी ठरवून थांबला आणि आता बँकेत, शाळेत किंवा स्वतःच्या दुकानात काम करतो आहे. त्यातली कात्रणे अभ्यासिकेच्या फलकावर, हार घातलेल्या फोटोंच्या शेजारी लावायची आमची तयारी आहे.

आपले विश्वासू,
पेठांमधील काही अभ्यासिका-चालक व मार्गदर्शक,
सदाशिव पेठ, पुणे ३०